चढेल त्याच्या खिशात

वादळानं खांब आडवे केले आणि शेडमधले पंखे थांबले. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पत्र्याकडं मान वर करून बघवेना. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सैल सोडून भुशात बसल्या होत्या. आई आणि थोरला पोती भिजवून जाळीवर टांगत होते. शेवटचं पोतं टांगून होईपर्यंत पहिलं वाळून ताठ झालेलं असायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. आईच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडली होती आणि मान उन्हानं काळी.

बाप मेलेल्या कोंबड्या पायाला धरून दाराबाहेर फेकत होता आणि दर फेकीला काहीतरी बोलत होता.

"पिल्लं कंपनीची, दाणा कंपनीचा, डॉक्टर कंपनीचा. मरण तेवढं आपलं."

माल उचलायला कंपनीची गाडी आठवड्यानं यायची होती. तोवर जगेल त्या कोंबडीचे पैसे मिळणार. मेलेलीनं खाल्लेला दाणा मात्र अंगावर बसणार. पहाटेपासून दाराबाहेर ढीग झाला होता आणि त्यावर माशा घोंगावत होत्या.

"आणि घरात वीजवाली," बाप म्हणाला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"तिचा काय दोष?" आई म्हणाली. "नदीपलीकडं आहे ती. आधी दवाखाना, मग पाण्याची टाकी, मग बाजार. आपला नंबर परवा, म्हणाली."

"परवा? परवा पंख्याखाली मढी वाळवायची काय?"

वीजवाली म्हणजे धाकटी. टेक्निकल कॉलेजात तीन वर्षं काढून ती विजेच्या कामाची पदविका घेऊन आली होती आणि आता एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर खांबांवर चढत होती. टोळीतले तिला 'डिप्लोमा' म्हणायचे. "ए डिप्लोमा, पक्कड दे." "डिप्लोमा, वर बघून चढ, पुस्तकात बघून नको." ती हसून सोडून द्यायची. घरात हसणारं कोणी नव्हतं, कारण त्या पदविकेसाठी घरचा टेम्पो गेला होता. तो टेम्पो थोरला चालवायचा. स्टिअरिंगवर बसून शीळ घालत गावोगाव हिंडणारा माणूस कोंबड्यांची घाण खोऱ्यानं ओढायला लागला, तो त्या टेम्पोच्या पैशांत धाकटीची फी गेली म्हणून. त्यानं तोंडानं कधी काढलं नाही. बाप मात्र जेवताना हमखास काढायचा. टेम्पो असता तर एव्हाना त्यानं स्वतःची किंमत दोनदा वसूल करून दिली असती, आणि ही शिकून रोजंदारीवर! कायम कधी होणार, तर म्हणे बघू.

पहिला पगार आला तेव्हा धाकटी म्हणाली होती, घरात एक खटका बसवू. वर केला की लाईन, खाली केला की जनरेटर, दोन्ही एका वेळी कधीच नाही. बापानं त्या पैशांचे शेडला प्लास्टिकचे पडदे आणले. दुसऱ्या पगारात तिनं कोणाला विचारलंच नाही. रबरी हातमोजे आणि एक जाड तांब्याची साखळी घेऊन आली. खांबावर चढलं की तारांना हात लावायच्या आधी ही साखळी त्यांना अडकवायची, दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं. चुकून कुठून वीज आलीच, तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. टोळीची साखळी होती, पण तिचे चिमटे मोडलेले आणि मुकादमाला ती वापरायचा कंटाळा.

"ठेकेदाराचं हत्यार आपल्या पैशानं?" बाप ओरडला होता. "एवढ्याला? उद्या खांबही घरनं घेऊन जा!"

टोळीची आणखी एक रीत धाकटीनं घरात सांगितली होती: चढेल त्याच्या खिशात फ्यूज. जो माणूस वर जाणार, त्यानं खालचे फ्यूज ओढून स्वतःच्या खिशात टाकायचे. भावाच्या हातात द्यायचे नाहीत, साहेबाच्या टेबलावर ठेवायचे नाहीत. खिशात. म्हणजे कोणी विसरून खटका दाबला तरी वीज यायला वाटच नाही.

हे ऐकल्यापासून आईला एक सवय लागली होती. रोज संध्याकाळी धाकटी घरी आली की आई तिचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघायची, बोटं सगळी आहेत ना म्हणून. मग भाकरी टाकायची.

घराचा आणि शेडचा मीटर एकच होता, शेडच्या दारापाशी. मेन स्विचचा दांडा गेल्या साली तुटला, तेव्हापासून तो तारेनं बांधून चालू ठेवलेला. बंद करायचा तर तिन्ही फ्यूज ओढून काढायचे, दुसरा इलाज नाही. धाकटी कानीकपाळी ओरडायची: कधी जनरेटर आणलात तर आधी फ्यूज काढा. नाहीतर तुमची वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीत शिरून कैक पटीनं वाढते आणि मेलेली तार जिवंत होते. घरात त्याची थट्टा झाली होती. आई ताट वाढायला घेई, तेव्हा बाप म्हणे, "थांब, आधी फ्यूज काढ."

दुपार चढली तसा बाप उठला. कोपऱ्यातल्या कोंबड्या एकमेकींवर चढून ढीग करायला लागल्या होत्या, आणि तसा ढीग झाला की खालच्या संपल्याच. अंगावर सदरा चढवून तो निघून गेला. आईही कळशी घेऊन टेकडीपलीकडच्या विहिरीला गेली, कारण पोती भिजवायला टाकीत पाणी उरलं नव्हतं.

बाप परत आला तो जनरेटरवाल्याला घेऊनच. छोट्या गाड्यावर जनरेटर, आणि त्याच्यामागं घामानं चिंब झालेला, दम लागलेला जनरेटरवाला. त्याला दम खायलाही वेळ नव्हता, आणखी चार ठिकाणांहून बोलावणी होती. त्यानं भाडं आधी मोजून घेतलं, मग गाड्यातून एक वायर काढली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या.

"हे टोक इथं, हे टोक भिंतीतल्या सॉकेटात. सगळं घर चालू. एवढंच."

थोरल्यानं ती वायर हातात घेतली. दोन तोंडांचा साप हातात दिल्यासारखं त्याला झालं.

"आधी फ्यूज काढायचे असतात," तो म्हणाला.

"कशाला?" बापानं विचारलं.

"वीज बाहेर जाते म्हणते ती."

"बाहेर आहे काय? तार तुटून शेतात पडलीय. मेलेल्याला आणखी काय मारतोस?"

जनरेटरवाला हसला. "सगळे असंच लावतात हो," म्हणाला आणि दोरी ओढून इंजिन चालू करून दाखवलं.

थोरला तरी बोर्डापाशी गेला. पहिल्या फ्यूजला हात घातला. तो उन्हानं आणि गंजानं असा बसला होता की हलेना. पक्कड आणायला घरात जावं लागणार होतं. मागं बाप शिव्या देत होता, कोपऱ्यातला ढीग पायानं फोडत होता. त्यात थोरल्याच्या मनात एक वाईट गोष्ट आली: सगळ्या घरानं ऊठसूट हिच्याच शिकवणीनं चालायचं काय? तेवढ्यानं त्याचा हात फ्यूजवरनं सुटला.

त्यानं पिन सॉकेटात घातली. जनरेटरचा सूर एकदम खाली आला, छातीवर पाय दिल्यासारखा तो घुसमटला, आणि त्याच्या अंगावरचा खटका खाडकन पडला. पंखे जागचे हलले नाहीत.

"वजन जास्त झालं," जनरेटरवाला म्हणाला. "निम्मे पंखे बंद करा. जमेल हळूहळू." आणि जनरेटर तिथंच ठेवून तो निघालासुद्धा.

निम्मे बंद केले. पुन्हा तेच, पुन्हा खटका पडला. थोरल्यानं एक सोडून सगळे पंखे बंद केले, घरातला दिवासुद्धा काढला. पिन घातली की इंजिन घुसमटे, पिन काढली की सुरळीत चाले. बापाच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती. त्याच्या पायाशी एक कोंबडी मान टाकून पडली, तिला त्यानं उचललंही नाही.

"खटकाच खराब आहे तो," बाप म्हणाला. "बांध त्याला. पडू देऊ नकोस."

"जळेल, बाबा."

"भाड्याचा आहे. जळू दे. बांध!"

थोरल्यानं सुतळी घेऊन खटका वरच्या बाजूला ताणून बांधला आणि पिन घातली. इंजिन विव्हळायला लागलं. काळा धूर आला. या वेळी खटका पडला नाही. हातातली वायर ऊन लागल्यासारखी गरम झाली, मग मऊ पडायला लागली, रबराचा वास सुटला. पंखा तरीही फिरेना. थोरला वायरकडं बघत राहिला. एक सोडून सगळे पंखे बंद. दिवे बंद. मग एवढी वीज जातेय कुठं?

तेवढ्यात टेकडीकडनं आई आली. कळशी डोक्यावर, तोंडावर हसू. दोन दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

"अहो ऐकलं का, आली, आली आपली पोरगी! नदीपलीकडं नाहीच ती. मुकादमाच्या हातापाया पडून टोळी इकडं आणली तिनं. म्हणाली, घरी कोंबड्या मरतायत, आधी आमची तार. बाभळीपाशी खांबावर चढलीय बघा. आपलीच तार जोडतेय. आता येईल..."

थोरल्याला पुढचं ऐकूच आलं नाही. त्यानं वायरीला हिसडा दिला, पिन भिंतीतनं निघाली, सॉकेटचं झाकणही तिच्याबरोबर आलं. मग दुसरं टोक उपटलं. वायर हातातच राहिली. इंजिन मोकळं होऊन मोठ्यानं धडधडायला लागलं.

"काय झालं रे?" आई म्हणाली. मग तिची नजर वायरीकडं गेली. थट्टा का होईना, तिनंही ते दररोज ऐकलं होतं. कळशी तिच्या डोक्यावरनं कधी पडली ते तिला कळलं नाही.

थोरला पळत सुटला.

बाभळीपर्यंत दोन शेतं आणि मधे एक ओढा. नांगरलेल्या ढेकळांत पाय मुरगळत होता, एक चप्पल ओढ्यात राहिली, दुसरी त्यानंच फेकली. तोंडाला कोरड पडली होती. मागं आईचा आवाज येत होता, नुसता आवाज, त्यात शब्द नव्हते. थोरल्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: खटका किती वेळा पडला? आधी तीनदा. आणि चौथ्यांदा त्यानं तो बांधून ठेवला. बांधून ठेवला. सुतळीची गाठ मारताना त्यानं दातांनी टोक ओढलं होतं. दातांत अजून तिचा धागा अडकला होता.

बाभळ ओलांडल्यावर खांब दिसला.

धाकटी वर पट्ट्यात बसलेली होती. पाय खांबाला विळखा घातलेले, डोकं खाली झुकलेलं, पिवळी टोपी छातीला टेकलेली. हालचाल नव्हती. खाली मुकादम आणि दोघं जण उभे होते, वर बघत. खांबाच्या बुडाशी सळईपाशी माती काळी पडली होती.

थोरला तिथंच ढेकळांत बसला. त्याला वाटलं संपलं. आईला मागं वळून सांगायला हवं की येऊ नकोस.

"दादा, तिथंच थांब."

आवाज वरून आला. बारीक, पण तिचाच.

त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडं बघत होती. दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले, तारेपासून जितके लांब धरता येतील तितके.

"तू होतास ना?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मुकादम चालत आला, त्याच्या हातातली वायर बघितली, दोन्ही टोकं बघितली, आणि एक सणसणीत कानाखाली दिली. थोरला तिथंच बसून राहिला. त्याला ती थप्पड बरी वाटली.

"असलं पाळता होय घरात?" मुकादम ओरडला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. "साखळी सगळी ठिणग्या उडवत होती, कळतंय का? पोरगी वर, आणि साखळी खाली उकळतेय. तीनदा वीज थांबली, पुन्हा आली. एकदा तर थांबेचना. हिला खाली उतरवावं तर हात लावायचा कुठं? खांबाला हात लावायची आमची हिंमत नाही. पोरगी नुसती बसून राहिली, हात जोडून."

"उतर आता," आई मागनं येऊन ओरडली. ती धापा टाकत होती, पदर कुठं, भान कुठं. "उतर खाली! नको ती तार. मरू देत कोंबड्या. उतर!"

धाकटी उतरली नाही.

"फ्यूज काढलेस?" तिनं थोरल्याला विचारलं.

"वायर आणलीय मी. ही बघ. वायरच नाही तर..."

"फ्यूज काढलेस का?"

"नाही."

"बाबा तिथं आहेत?"

तेव्हा कुठं थोरल्याच्या लक्षात आलं. बाप शेडमध्ये एकटा होता. जनरेटर चालूच होता. बापाच्या समोर कोंबड्या मरत होत्या, आणि बाप काहीही करू शकतो. वायरीचे दोन तुकडे उघडे करून सॉकेटात खुपसेल.

"जा," ती म्हणाली. "तिन्ही फ्यूज काढून आण. मला दिसले पाहिजेत. तोवर मी कशाला हात लावत नाही आणि हलतही नाही."

तो पुन्हा पळाला. अनवाणी, त्याच ढेकळांतनं. शेडच्या दारात बाप उभा होता. जनरेटर बंद केलेला. बापाच्या हातात पक्कड होती. ती घेऊन तो फ्यूजशी झटत होता आणि रडत होता, तोंड वाकडं करून, लहान पोरासारखा. त्यालाही कळलं होतं. दोघांनी मिळून ते तिन्ही फ्यूज ओढले. तिसरा काढताना बापाचं नख निघालं, ते त्याला कळलंही नाही.

"जिवंत आहे?" बापानं विचारलं.

"आहे. वर आहे."

"उतरली नाही?"

"आपल्यावर भरवसा नाही तिचा," थोरला म्हणाला आणि फ्यूज ओंजळीत धरून पळाला.

खांबाखाली त्यानं ओंजळ वर करून दाखवली. धाकटीनं वरनं तिन्ही मोजले. मग म्हणाली, "मुकादम, तुमच्या खिशात टाका." मुकादमानं टाकले. थोरल्याच्या हातात ते राहू दिले नाहीत. मग तिनं हातमोजे घट्ट केले, एकदा डोळे मिटले, आणि तारेला हात घातला. आई खाली मातीत बसली आणि तोंडावर पदर दाबून धरला. तार जोडून होईपर्यंत तिनं तो काढला नाही.

ऊन उतरता उतरता वीज आली. मुकादमानं स्वतः शेडपर्यंत येऊन फ्यूज बसवले, सगळ्यांना नावं ठेवली आणि गेला. पंखे फिरायला लागले. त्यांच्या वाऱ्यानं मेलेल्या कोंबड्यांची पिसं शेडभर उडत राहिली. निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. बापानं त्या भरायला पोती आणली, दोन भरली आणि तिथंच उकिडवा बसून राहिला.

धाकटी मोरीवर हात धुवत होती. साबण तिच्या हातातनं सारखा निसटत होता. आई आली, तिनं साबण घेतला, धाकटीचे हात आपल्या हातात धरून स्वतः चोळले, उलटे केले, सुलटे केले. बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"नको जाऊ उद्यापासून," आई म्हणाली. "तुझ्या पगारावाचून काही अडलं नाही. मला पगार नको, माझी पोरगी हवी."

"आई, सोड."

"कॉलेजात साखळी शिकवली म्हणून आज..." आईनं तिच्या हातांवर तांब्याभर पाणी ओतलं.

धाकटीनं हात पुसले. थोरला दाराच्या चौकटीत उभा होता, बाप आत येऊन भिंतीला टेकला होता. बोटाला त्यानं चिंधी गुंडाळली होती.

"कॉलेजात शिकवतात सगळंच," ती म्हणाली. "घाईत सगळेच सोडतात. मुकादम म्हणाला, साखळी राहू दे, लाईन वरून बंद आहे, तसा कागद हातात आहे, तुझ्याच घरच्या कोंबड्या मरतायत, लवकर आटप. आणि काल नदीपलीकडं दोन खांबांवर मीसुद्धा नाही लावली. तिकडं कोणाकडं काय आहे, मला ठाऊक नव्हतं. लाईन बंद आहे म्हटल्यावर चढले."

"मग आज का लावलीस?" थोरल्यानं विचारलं.

ती त्याच्याकडं न बघता बोलली.

"आज तारेच्या टोकाला आपलं घर होतं."

शेडमधनं पंख्यांचा आवाज येत होता. थोरल्याला वाटलं, मुकादमानं आणखी दोन द्यायला हव्या होत्या. दिवसभर त्याला भीती वाटली होती ती तार, खांब, वीज यांची. आता तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं की ती भ्यालेली होती ती त्यांनाच, घरच्यांना. खांबावर बसून तिनं वाट पाहिली होती ती विजेची नव्हे, दादा आता काय करतो आणि बाबा आता काय करतात याची.

बाप खाकरला.

"ती साखळी," म्हणाला, "कितीला पडली?"

"सांगितलं होतं तेव्हा."

"तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आता सांग."

तिनं आकडा सांगितला. पगारातले जवळपास सगळेच गेले होते. बापानं तो आकडा ओठांवर पुटपुटला, टेम्पोचा हिशेब करताना पुटपुटायचा तसाच.

"स्वस्त," म्हणाला. तो उठून बाहेर गेला, पोती भरायचं निमित्त करून.

कंपनीची गाडी आली आणि उरलेल्या कोंबड्या घेऊन गेली. दाण्याचा खर्च वळता झाला, हातात फारसं काही आलं नाही. शेड रिकामी झाली. थोरल्यानं भुसा ओढून काढला, भिंतींना चुना मारला. जनरेटरवाल्याला त्याचा जळका जनरेटर भरून द्यावा लागला, त्यावर बापानं त्याला दोन शब्दही सुनावले नाहीत. पैसे मोजून दिले. ती दोन तोंडांची वायर थोरल्यानं पक्कडीनं मधनं तोडली आणि मग त्या तुकड्यांचेही तुकडे केले.

धाकटी पुन्हा कामावर जायला निघाली त्या सकाळी तिनं साखळी खांद्यावर घेतली होती, नवे चिमटे लावलेली. वादळानं पाडलेले खांब अजून बरेच उभे करायचे होते, आणि आज टोळी पुन्हा याच बाजूला होती, ओढ्याच्या वरच्या अंगाला. आई दारात उभी होती. काल रात्रीपासून ती जा म्हणाली नव्हती आणि जाऊ नको असंही म्हणाली नव्हती.

"थांब," थोरला म्हणाला.

तो शेडमध्ये गेला. बोर्डापाशी खुडबुड झाली, घरातला पंखा बंद पडला, चुलीवरचा दिवा विझला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तिन्ही फ्यूज होते. गंज कानशीनं घासून साफ केलेले, तेल लावलेले, आता हातानं निघतील असे. त्यानं ते तिच्यापुढं धरले.

"घेऊन जा," म्हणाला. "संध्याकाळी आलीस की लाव."

"दिवसभर वीज नाही राहायची घरात," ती म्हणाली. "आईला उकडेल."

"उकडू दे," आई म्हणाली.

धाकटीनं फ्यूज घेतले. एकेक करून मोजले आणि पँटच्या खोल खिशात टाकले, बटण लावलं. मग साखळी खाली ठेवली, खिशातनं टेस्टर काढला आणि शेडमध्ये गेली. थोरला शेडच्या उंबऱ्याशी उभा राहून बघत होता. बोर्डाच्या प्रत्येक तारेला तिनं टेस्टर लावला. वीज नव्हती, तरी पुन्हा एकदा लावला.

थोरल्याला राग आला नाही. तो उंबऱ्यातून बाजूला सरला आणि तिला वाट दिली.